खालचं दुखणं

“बाई, तुमच्या लोकांना मोकळ्यावर जायची सवय असते ना? मग किल्ली कशाला?”

मोठे गुरुजी असं म्हणाले आणि खोत हसले.

मी ऑफिसच्या दारात उभी होते. ऑफिस म्हणजे शाळेच्या पडवीतलीच एक खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक गंजलेलं कपाट. एका खुर्चीवर गुरुजी, दुसरीवर खोत. खोती कायद्याने कधीच गेली होती, पण गाव त्यांना खोतच म्हणायचं. शाळा समितीचे अध्यक्ष तेच. शाळेची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली. शाळेमागचा संडास बांधला तोही त्यांच्याच खाणीतल्या चिऱ्यांनी. तो संडास जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले की उघडायचा. एरवी कुलूप. किल्ली गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात.

मला ती किल्ली हवी होती. लगेच.

“गुरुजी, मला बरं नाही. द्या किल्ली.”

“वर्गात कोण आहे?”

“तिसरीला धडा वाचायला लावलाय.”

“मग मधल्या सुट्टीत जा. बाकीच्या बायका जातात तशा.”

मी काही बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात झालं. उभ्या उभ्या झालं. पायांवरून खाली, लुगड्यातून, चपलेत, फरशीवर. माझं शरीर माझं उरलं नव्हतं. मी दाराची चौकट धरली. खोली वासाने भरली.

खोतांनी खांद्यावरचा पंचा नाकाला लावला. “शी, शी, शी!” म्हणत ते उठले आणि मला ओलांडता येईना म्हणून तिथेच उभे राहिले.

गुरुजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “मागे बादली आहे. आधी ती फरशी धू.”

धू.

त्या शाळेत मी आठ वर्षं शिकवत होते. आठ वर्षं मी ‘बाई’ होते, ‘तुम्ही’ होते. एका घाणेरड्या क्षणात ‘तू’ झाले. जणू हे ‘तू’ त्यांच्या जिभेवर कधीचं तयारच होतं.

आणि मी फरशी धुतली. भरल्या लुगड्याने, गुडघ्यांवर बसून. खोत वाट मोकळी व्हायची वाट बघत भिंतीला चिकटून उभे. तिसरीची मुलं पडवीत गोळा झाली होती. कुणी हसत नव्हतं. एक मुलगी रडत होती. मी ज्यांना पाढे शिकवले त्यांच्या डोळ्यांसमोर मी ओणवी होते.

माझी आय जन्मभर याच खोतांच्या गोठ्यात शेण काढत आली. त्या गोठ्यात मी जाऊ नये म्हणून तिने मला शिकवलं. मी डी.एड. केलं. बौद्धवाडीतली नोकरी लागलेली पहिली बाई मी. आणि बादली, खराटा, फिनेल घेऊन तिथेच पोचले.

धुऊन झाल्यावर मी कुणाकडे न बघता सड्यावरून घराकडे निघाले. रत्नागिरीकडून पावसच्या बाजूला जाताना लागतो तसा आमचा सडा. सपाट कातळ. वर आभाळ, खाली कातळ, मध्ये एक झुडूप नाही. जिला दर घटकेला आडोसा लागतो तिला तो सडा काय वाटतो ते मीच जाणे.

*

आता त्याआधीचं सांगते.

मला शौचातून रक्त पडायचं. मूळव्याध म्हणून मी किती तरी दिवस अंगावर काढलं. सुरणाची भाजी खाल्ली, झाडपाला घेतला. बाईमाणसाने सांगायचं तरी कुणाला? घरी नुसतं ‘खालचं दुखणं’ म्हणायचे. मग वजन उतरलं, चक्कर येऊन वर्गात पडले. आमचे हे मुंबईला गोदीत होते. ते येऊन घेऊन गेले. मोठ्या इस्पितळात तपासलं. गुदाशयाचा कॅन्सर निघाला. शौचाच्या जागेच्या थोडा वर.

ऑपरेशन झालं. खराब भाग कापला आणि वरचं आतडं खाली आणून जोडलं. मोठे डॉक्टर राऊंडला आले तेव्हा हसून म्हणाले, “पोटाला पिशवी लावावी लागली नाही. नशीबवान आहात.” मागे उभ्या शिकाऊ डॉक्टरांनी मान डोलावली. मग विजेचे शेक घेतले. अंगाची आग झाली ती सोसली. गाठ गेली म्हणाले. मी हात जोडले.

पुढे काय होतं ते कुणी सांगितलं नाही.

पुढे असं झालं की दिवस मोजायचा तो संडासच्या खेपांनी. जाऊन आले की परत. बसले की थोडंसंच, उठले की परत कळ. कळ आली की थांबवता येत नाही. पोट ढोलासारखं फुगायचं. वायू सरायचा तो विचारून सरत नव्हता. आणि वास. कुजलेल्या मासळीसारखा. मलाच माझी शिसारी यायची. यांच्या चाळीत मजल्याला दोन संडास आणि पुढे डबे घेऊन रांग. रांगेत उभं राहणं मला शक्य नव्हतं. दोनदा रांगेतच झालं. शेजारणीने यांना ऐकवलं, “हिला गावाला ठेवा बाबा.” मी स्वतःच म्हटलं, मी जाते. नोकरी तरी राहील.

गावी आल्यावर बाजारपेठेतल्या खाजगी डॉक्टरांकडे गेले. मोठा नावाजलेला माणूस. खोतांचं सगळं घर त्यांचंच औषध घ्यायचं. आत बाकावर बायका बसल्या होत्या. मी बसले आणि थोड्या वेळात त्या एकेक करून उठल्या. कंपाउंडर आत जाऊन आला. म्हणाला, “तुम्ही बाहेर खिडकीशी या.”

खिडकीच्या गजांतून मी माझा आजार सांगितला. मागे रस्ता. रस्त्यावरून माणसं जात होती. डॉक्टर खुर्चीवरून उठले नाहीत. “मोठ्याने बोल, ऐकू येत नाही.” मी मोठ्याने बोलले. माझ्या शौचाचा रंग, खेपा, वास, सगळं मी त्या रस्त्याला ऐकवलं.

ते म्हणाले, “कॅन्सरातून जगलीस ना? मग आणखी काय हवंय? हे असंच राहायचं. खाणं कमी कर. आणि जरा स्वच्छ राहत जा. तुमच्याकडे तेवढं एक नसतं.”

मी दिवसातून तीनदा अंघोळ करत होते. कातडी सोलवटून निघाली होती.

गजांतून जुलाब बंद करण्याच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की दोन दिवस पोट दगड व्हायचं आणि मग धरण फुटल्यासारखं व्हायचं. मी त्यांचं ऐकलं, खाणं कमी केलं. शाळेच्या दिवशी सकाळी चहासुद्धा नाही. पाणी नाही. उपाशीपोटी कातळ तुडवत जायचं, पिशवीत जुन्या लुगड्याचे तुकडे आणि पाण्याची बाटली. तरीही व्हायचंच. एकदा खोतांच्या बागेच्या दगडी गडग्याआड बसले तर राखण्याने दगड भिरकावला. ढोराला मारतात तसा. मी तशीच उठून पळाले.

त्यानंतर मी किल्ली मागायची ठरवलं. आणि मग ती फरशी.

*

फरशी धुतल्यावर मी शाळेत गेले नाही. रजा टाकली. घरात मागच्या खोलीत पडून राहिले. आय ते तुकडे पऱ्यावर, खालच्या ओढ्यावर, नेऊन धुवायची. वहाळाच्या अगदी खालच्या अंगाला, कुणी बघू नये म्हणून. तिने कधी नाक मुरडलं नाही. त्यानेच मला जास्त मरण यायचं. म्हातारीने लेकीचं हे करावं?

एका दुपारी ती पऱ्यावर गेली असताना मी वाडीच्या विहिरीवर गेले. काठावर वाकून बघितलं. पाणी खोल होतं, पण होतं. मला अजिबात भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. एकदाच. मग धावपळ नाही.

मग मनात आलं, पाणी बाटेल. वाडीला दुसरी विहीर नाही. वरच्या आळीच्या विहिरीवर आमच्या बायकांना अजून कुणी सरळ पाणी भरू देत नाही. मी मेले तर पन्नास माणसं तहानेली राहतील.

मी परत फिरले. जगायची इच्छा होती म्हणून फिरले असं खोटं सांगणार नाही. मरायलासुद्धा स्वच्छ जागा नव्हती म्हणून फिरले.

आय दारात उभी होती. माझ्या पदराला विहिरीच्या काठाचं शेवाळ लागलं होतं. तिने ते बघितलं. आत गेली, स्वतःचं धुतलेलं लुगडं आणलं नि माझ्या अंगावर टाकलं.

“नेस. सरकारी दवाखान्यात नवा डाक्तर इलाय. चल.”

“आय, मला नाही जायचं. पुन्हा खिडकीत उभं नाही राहायचं.”

“खिडकीत कशाला? मी हाय ना. आत नाय घेतलान तर दारात बसान. उठव म्हणावं मना.”

नवा डॉक्टर मराठवाड्यातला होता. तरुण, दाढी वाढलेली, डोळे झोपेने लाल. बाहेर ही गर्दी. तो काही देवमाणसासारखा गोड बोलणारा नव्हता. आम्ही आत गेलो तेव्हा कुणावर तरी खेकसतच होता. वास त्याला आला असणारच. त्याने फक्त खुर्ची पुढे ढकलली.

“बसा. काय होतंय?”

मी सवयीने खाली बघून म्हटलं, “खालचं दुखणं.”

“खालचं म्हणजे? नीट सांगा.”

मी सांगायला लागले. दार लावलेलं होतं. तो मध्ये मध्ये विचारत होता. आतडं कुठे जोडलंय? शेक किती दिवस घेतले? खेपा जेवल्यावर वाढतात का? पोट फुगतं का? शौच पाण्यावर तरंगतं का? वास पहिल्यापासून होता की नंतर सुरू झाला? वजन किती उतरलं? मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मुंबईतही नाही.

मग म्हणाला, “तपासावं लागेल. गाठ परत आली नाही ना, ते आधी बघायला पाहिजे. सिस्टर थांबतील. चालेल ना?”

चालेल ना. मला रडू फुटलं. तो थांबला. रडणं संपल्यावर त्याने तपासलं. हातमोजा घालून, बोटाने, जिथे माझा स्वतःचा हातही भीत भीत जायचा तिथे.

“गाठ लागत नाहीये हाताला,” तो हात धुता धुता म्हणाला. “आता ऐका. दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे शौच साठायची जागाच कापली गेली. त्यामुळे खेपा जास्त होणार, घाई होणार. ते थोडंफार राहणारच, त्याला माझ्याकडे औषध नाही. पण हा वास, हे फुगणं, हे वाळत जाणं, हे तेवढ्याने होत नाही. आतड्यात जंतू सगळ्यांच्याच असतात. तुमच्यात ऑपरेशन आणि शेकांनी आतड्याची चाल बिघडली असेल, आणि जंतू नको तिथे माजले असतील. तुम्ही खाता ते तुमच्या अंगी लागण्याआधी ते नासवतात. तपासून खात्री करायची सोय इथे नाही. अँटिबायोटिक देऊन बघतो. फरक पडला तर आपण बरोबर.”

“आणि नाही पडला तर?”

“तर दुसरं बघू. आणि ते उपाशी राहणं आधी बंद करा. कुणी सांगितलं हे तुम्हाला?”

मी नाव सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. दुधाबरोबर घेऊ नका म्हणाला. पहिले दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मी कॅप्सूलच्या डबीकडे बघत पडून राहायची. मग एका सकाळी पोट हलकं वाटलं. फुगारा नव्हता. आयने गुरगुट्या भात आणि मीठ वाढलं. मी खाल्ला आणि उठावं लागलं नाही. बसूनच राहिले. आय म्हणाली, “काय झाला गो?” मी म्हटलं, “काही नाही. काहीच होत नाहीये.” त्या आठवड्यात वास गेला. खेपा राहिल्या, पण त्या मोजता येतील इतक्या. कळ आली की निदान लुगडं सावरण्याइतका वेळ मिळायला लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

आधी कळेना कुणाचा. मग कळलं. वास माझा नव्हता. माझ्या जातीचा नव्हता. माझ्या अंघोळींचा नव्हता, मागच्या जन्मीच्या पापाचा नव्हता. आजार होता. त्याला कॅप्सूल लागू पडत होती. तीच कॅप्सूल बाजारपेठेतल्या त्या डॉक्टरांच्या कपाटातही असणार. पण कपाटापर्यंत जायच्या आधी मला खोलीत घ्यावं लागलं असतं. खुर्ची द्यावी लागली असती. माझं बोलणं गजांविना ऐकावं लागलं असतं. त्याऐवजी त्यांनी मला उपाशी ठेवलं आणि मी त्यांना ‘थँक यू डॉक्टर’ म्हणून घरी आले. त्या रागाने मी दोन रात्री झोपले नाही. विहिरीचा काठ मात्र पुन्हा आठवला नाही.

औषध संपल्यावर महिन्याभरात सगळं हळूहळू परत सुरू झालं. मी धावत दवाखान्यात गेले. या वेळी त्याने दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्यांनी तोंडाला तांब्यासारखी चव यायची, मळमळायचं. पण गुण आला.

“असं किती दिवस?” मी विचारलं.

“बहुतेक चालूच राहील,” तो म्हणाला. “वाढलं की घ्यायचं, मध्ये खंड ठेवायचा, आलटून पालटून द्यायचं. कायमचं बरं होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही.”

खोटी आशा न देणारा तो पहिला माणूस. मी त्याचे आभार मानले आणि शाळेत हजर झाले.

*

गुरुजींनी मला ऑफिसात बोलावलं. आता पुन्हा ‘तुम्ही’ होतं.

“बाई, तुम्ही आजारी. मुलांना त्रास, पालकांच्या तक्रारी. खोतांचं म्हणणं आहे, तुम्ही आपणहून राजीनामा द्यावा. अब्रूने सुटाल.”

मी फरशीकडे बघितलं. कोरडी होती. स्वच्छ.

“मी राजीनामा देणार नाही,” मी म्हटलं. “आणि मला संडासची किल्ली लागेल. रोज.”

“तो साहेबांसाठी आहे.”

“साहेब वर्षातून एकदा येतात.”

“तुम्हाला सांगितलं ना बाई, नाही म्हणजे नाही.”

मी वर्गावर गेले. औषधाने बरे गेलेले ते दिवस होते, म्हणून आठवडाभर निभावलं. एक दिवस गणित शिकवताना कळ आली. जुनीच, ओळखीची. फळ्यावर खडू तसाच ठेवला. ऑफिसात गेले. गुरुजी होते. किल्ली खिशात होती, खिशातून तिचं टोक दिसत होतं.

“किल्ली.”

त्यांनी मान वर केली नाही.

मी मागच्या अंगाला गेले. तिथे बांधकामातून उरलेले चिऱ्यांचे तुकडे पडले होते. हाताला पेलेल असा एक उचलला. कडी जुनी होती, कुलूप मोठं. पहिला घाव चुकला, बोट चेचलं. दुसऱ्याने कडी वाकली. तिसऱ्याने निघाली. आवाज सगळ्या शाळेत गेला असणार. मी आत गेले, दार लावून घेतलं. आत कोळ्याची जाळी होती आणि एक पांढरं, कोरडं भांडं. इतक्या वर्षांत मी तिथे पहिल्यांदा दार लावून, भिंतींच्या आत, कुणाच्या नजरेविना बसले. रक्ताळलेलं बोट तोंडात धरून बसले.

बाहेर आले तेव्हा अख्खी शाळा उभी होती. गुरुजी निघालेली कडी हातात घेऊन पुढे आले.

“ही सरकारी मालमत्ता आहे, कळतं का?”

“मीही सरकारची नोकर आहे.”

“खोतांना काय सांगू मी?”

“सांगा, बाईंनी फोडलं. चिराही त्यांचाच होता म्हणावं.”

मी हंड्यातलं पाणी घेऊन हात धुतले. माझ्या मागून सातवीची एक मुलगी पुढे झाली. आमच्या वाडीतली नव्हती, वरच्या आळीतली होती. तिने माझ्याकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलंच नाही, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या. त्या मुली दर महिन्याला तीन-चार दिवस शाळेत का येत नाहीत हे मी, त्यांची बाई, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

चौकशी झाली. माफी मागा, प्रकरण मिटवू, म्हणाले. मी मागितली नाही. खोतांनी आयला गोठ्यावरून काढलं. ती घरी आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, “बरा झाला. माजी कंबर सुटली.” पण त्या रात्री ती जेवली नाही. मुंबईहून यांनी लिहिलं, ‘सोड सगळं, इकडे ये’. मी उत्तर धाडलं, ‘येणार नाही’.

मग बदली आली. मंडणगड तालुक्यात, डोंगरात. एस.टी. दिवसातून एकदा. आजारी बाईला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला फेकलं की ती आपोआप घरी बसेल, असा हिशेब होता. दवाखान्यातल्या डॉक्टरने औषधं बांधून दिली, नावं लिहून दिली, कुठल्याही डॉक्टरला दाखवा म्हणाला. आय माझ्याबरोबर निघाली.

नव्या शाळेत पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्या मास्तरांना माझी ओळख करून द्यायला बोलावलं. चौघेजण होते. कानावर काहीतरी आलेलं असणारच, सगळे माझ्याकडे बघत होते. मुख्याध्यापक म्हणाले, “बाईंची तब्येत जरा… म्हणजे, थोडं ते…”

“मी सांगते,” मी म्हटलं.

पोटात कळ सुरू झालेली होती.

“मला गुदाशयाचा कॅन्सर झाला होता. आतडं कापून जोडलंय. अधूनमधून जंतू वाढतात, त्यावर औषध चालू आहे, ते चालूच राहणार आहे. मला वर्गातून कधीही उठून जावं लागतं. कधी वास येतो. कुणाला त्रास झाला तर त्याने खिडकी उघडावी. मी उठून जाईन आणि परत येऊन शिकवीन. कुणाची परवानगी विचारणार नाही.”

मी उठले आणि बाहेर गेले.